दहा फुटाला एक इंच

पाट्यांचं नवीन दुकान टाकणारे लोक माझ्याकडे विचारायला येतात, आणि आल्या आल्या सगळे एकच विचारतात, मावशी, सगळ्यात चांगला फॉन्ट कुठला? जणू तेवढा एक मिळाला की जन्माचं कल्याण झालं. मी त्यांना बसवते, चहा देते आणि सांगते, फॉन्टचं शेवटी बघू. आधी सांगा, पाटी कुठं लागणार, कोण वाचणार, किती लांबून वाचणार आणि वाचताना त्या माणसाला घाई असेल का. हे चार प्रश्न माझे नाहीत, माझ्या दादाचे आहेत. पाचवा प्रश्न त्याला फार उशिरा सुचला. सुचल्यावरही अकरा महिने तो कुणापाशी बोलला नाही, कारण मी त्याला बोलू दिलं नाही. दादा आता नाही. त्याच्यासाठी म्हणून खोटं बोलायचं कारणही आता उरलेलं नाही.

दादाला बाजारात सगळे इंचपट्टी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि हा ओ द्यायचा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी असायची. चहा प्यायला थांबला तरी समोरच्या दुकानाच्या पाटीकडे एक डोळा मिटून बघत बसायचा आणि कुणी विचारलं नसताना मत द्यायचा. एकदा त्याचं लग्न जमत आलं होतं. यानं होणाऱ्या सासऱ्याला त्याच्या दारावरच्या पाटीत काय काय चुकलंय ते अर्धा तास समजावलं. ते लग्न तिथंच मोडलं. परत येताना मी रस्ताभर त्याला बोलत होते आणि हा म्हणत होता की पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं कुठला शहाणा घालतो, ते मला सांग.

मी लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गमावून त्याच्याकडे परत आले. त्यानं काही विचारलं नाही, सांत्वन केलं नाही, हातात चिमटा दिला. आमचा कारखाना एका चार मजली इमारतीच्या तळघरात होता. एक जिना, एक लांब टेबल, टेबलाच्या टोकाला कापणारं मशीन, आणि खिडकी औषधालासुद्धा नाही. रंगीत चिकट शीटला आमच्या धंद्यात सगळे रेडियम म्हणतात, ते चमको की न चमको. मशीननं अक्षरांच्या कडा कापल्या की अक्षराभोवतीचं आणि अक्षराच्या पोटातलं नको ते रेडियम चिमट्यानं सोलून काढायचं, हे माझं काम झालं. पहिले सहा महिने मी सोलता सोलता रडायचे, आणि त्यानं ते कधी बघितल्यासारखं केलं नाही. त्याचे उपकार माझ्यावर एवढे आहेत की पुढचं सांगताना माझीच मला लाज वाटते.

तो शिकवायचा ते फुकट शिकवायचा. दहा फुटाला एक इंच, हा त्याचा मंत्र. तीस फुटांवरून वाचायची पाटी असेल तर अक्षर तीन इंच उंच हवं, त्याहून कमी केलं तर लोकांना तुमच्या दारापर्यंत चालत यावं लागेल. जागा पुरत नसेल तर शब्द कमी करा. अक्षर दोन्ही बाजूंनी दाबून उभट करू नका, त्याचा जीव जातो. लांबून बघितलं की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आधी बुजते, म्हणून पोट मोकळं असलेला फॉन्ट घ्या आणि अक्षरं एकमेकांना चिकटवू नका. पाटीच्या कडेला निदान एका अक्षराएवढी जागा रिकामी सोडा. गिऱ्हाईक म्हणेल, एवढी जागा वाया का घालवता? त्याला म्हणावं, ती वाया नाही, त्याच जागेमुळे तुमचं नाव दिसतं. एका पाटीवर दोनापेक्षा जास्त फॉन्ट वापरणाऱ्याला तो दारात उभा करत नसे. डोळे किलकिले करून बघा, त्यात जे पुसट होतं ते घाईतल्या माणसाला दिसणार नाही.

छपाईच्या बाबतीत तर त्यानं सगळं ठेचा खाऊन शिकलेलं. एका दातांच्या डॉक्टरची मोठी पाटी त्यानं बाहेर छापायला दिली, अक्षरांचे कर्व्ह करायला, म्हणजे फॉन्टशिवाय उघडेल असं अक्षरांचं चित्र करायला विसरला, आणि छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. वेलांट्या एकीकडे, मात्रा दुसरीकडे. डॉक्टर म्हणाला, ही पाटी बघून पेशंट बाहेरूनच पळतील. तेव्हापासून फाईल बाहेर जाण्याआधी मी तपासायची, असा नियम झाला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा रंग खरा मानायचा नाही, वीतभर तुकडा छापून घ्यायचा आणि बाहेर उन्हात नेऊन बघायचा, हाही त्याचाच नियम.

आणि एक सवय, जी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात मी बघितली नाही. तो प्रत्येक पाटी दोनदा करायचा. एक गिऱ्हाइकाला, एक आमच्या भिंतीवर. मी म्हणायचे, माल काय झाडाला लागतो? तो म्हणायचा, रोज डोळ्यांसमोर राहिली की चूक आपणहून दिसते. चूक दिसली की गिऱ्हाइकाला कळायच्या आत पाटी बदलून द्यायचा. भिंत भरली की सगळ्यात जुनी पाटी उतरवायची, अशी आमची रांग चालायची.

हॉटेलांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती. त्यांनी नवीन इमारत बांधली आणि आतल्या पाट्यांचं काम दादाला दिलं. इस्त्रीच्या हॉलला पुढं एक मोठं दार, आणि मागच्या भिंतीला दोन दारं, दोन्ही राखाडी, दोन्ही सारखी. उजवं दार बाहेरच्या जिन्याकडे जायचं, डावं चादरींच्या गोदामात. मॅनेजरला नाजूक, तिरकी अक्षरं हवी होती, हॉटेलवाले बघायला येतात म्हणून. दादानं त्याच्याशी दोन दिवस वाद घातला. हॉलच्या टोकापासून भिंतीपर्यंत टेप लावून मोजलं, बावन्न फूट. तेव्हा सहा इंची अक्षर हवं, जाड हवं, साधं हवं, आणि लाल हवं, पांढऱ्यावर. मॅनेजर निळा म्हणत होता. दादाच म्हणाला लाल, घाईत लाल आधी दिसतो. त्यानं आपले चारही प्रश्न विचारले. दोन्ही दारांवर एकेक छोटा दिवा होता, दुधी काचेचा, बंद. तो कसला, हे त्यानं विचारलं नाही. भर दुपार होती, ट्यूबलाइट लखलखत होते.

हॉल सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी कपडे वाळवण्याच्या मशीनमध्ये आग लागली. ती मशीनं पुढच्या दाराजवळ होती. हॉलला खिडक्या नव्हत्या. करंट गेला तसा काळोख झाला, धूर आला. पुढच्या बाजूच्या दहा बायका पहिल्या झटक्यात बाहेर पडल्या. मागं चौघी राहिल्या. त्यांच्यातली एक सुपरवायझर होती, पस्तिशीची, जुन्या इमारतीत बारा वर्षं काम केलेली. तिची धाकटी बहीण तिच्याच हाताखाली होती. सुपरवायझर बाईनं तिघींना हाताला धरून मागच्या भिंतीकडे नेलं आणि डावं दार उघडून आत घातलं. ते गोदाम होतं. त्यालाही खिडकी नव्हती आणि धूर त्यांच्या मागोमाग आत शिरला. चूक लक्षात आल्यावर ती दुसरं दार शोधायला बाहेर आली आणि तिथंच कोसळली. बंबवाल्यांनी तिला ओढून काढलं. आतल्या तिघी गेल्या. बहीणही गेली.

चौकशीला आम्हाला बोलावलं. मी दादाबरोबर गेले होते. एका लांब खोलीत बाकं मांडली होती. ती बाई एकटी एका बाकावर बसली होती, आणि तिची आई दुसऱ्या बाजूला, मेलेल्यांच्या घरच्यांमध्ये. बाईनं सांगितलं की दोन्ही दारांवरच्या पाट्या कोऱ्या होत्या. चौकशी करणाऱ्या साहेबांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, करंट गेला, दारांवर लाल दिवे लागले, मी वर बघितलं, पाट्या पांढऱ्या होत्या, कोऱ्या होत्या, काही लिहिलेलं नव्हतं. खोलीत कुणीतरी संतापून काहीतरी बोललं. मग साहेबांनी ती पाटीच आणवली. काजळी पुसलेली, आणि तिच्यावर सहा इंची लाल अक्षरं, "बाहेर". कुणाही आंधळ्याला दिसावीत अशी.

दादाला उभं केलं. ही पाटी तुमचीच का? हो. दिली तेव्हा अक्षरं अशीच होती का? अशीच होती. किती लांबून वाचता येते? आणि माझा भाऊ, खिशातल्या पट्टीवर हात ठेवून, थोडा ताठ होऊन म्हणाला, साठ फुटांवरून. हॉल बावन्न फुटांचाच आहे साहेब, मी मोजलाय. त्याच्या आवाजात अभिमान होता. मलासुद्धा बरं वाटलं, आपल्यावर काही आलं नाही म्हणून. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू.

तेव्हा त्या बाईची आई उठली. लहानशी, वाकलेली म्हातारी. ती मुलीकडे बघून म्हणाली, "तुला वाचायला शिकवलं होतं ना गं मी?" एवढंच म्हणाली आणि बसली. बाईनं मान खाली घातली. नंतर बाहेर कळलं की त्या दोघी एकाच घरात राहतात, आणि आगीनंतर आई तिच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. हा पहिलाच.

निकाल तोच लागला. सुपरवायझरनं घाबरून चुकीच्या दारात नेलं. पाट्या योग्य होत्या.

आमच्या भिंतीवर त्या दोन्ही पाट्यांच्या जोडीदार पाट्या होत्याच. मी म्हटलं, उतरव, अपशकुनी मेल्या. त्यानं उतरवल्या नाहीत. तो त्यांच्याकडे बघत बसायचा. म्हणायचा, बाई खोटं बोलत नव्हती गं, खोटं बोलणारा माणूस दिव्याचा रंग कशाला सांगेल? मी म्हणायचे, डोक्यात धूर गेला होता तिच्या, तू आपलं काम बघ.

दोन महिन्यांनी एका दुपारी करंट गेला. तळघरात दिवसाढवळ्यासुद्धा काळाकुट्ट अंधार व्हायचा. मेणबत्ती सापडेना. जिन्यात दादाची सायकल होती, तिच्या मागचा दिवा काढला, पेटवला आणि फ्यूज बघायला निघाले. तो दिवा लाल. मी भिंतीजवळून जात होते तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब. तसाच धर."

मी धरला. भिंतीवर "बाहेर" नव्हतं. "गोदाम" नव्हतं. दोन कोरे चौकोन होते. म्हणजे सगळाच उजेड लाल, त्यात पांढरं लाल झालं आणि लाल तर लालच. नाक टेकवलं तर कडा दिसत होत्या, चार पावलं मागं आलं की काही नाही. शेजारच्या पाटीवरची निळी अक्षरं काळी कुळकुळीत दिसत होती, सगळ्यांत स्पष्ट. मॅनेजर निळाच म्हणत होता. दादा टेबलाला धरून खाली बसला. मग म्हणाला, दिवे गेल्यावर कुठला दिवा लागतो, एवढंच विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शर्ट घालून निघाला, चौकशीवाल्यांना सांगायला. मी जिन्यात आडवी आले. मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं. लाल दिवे त्यांनी लावले, तू लावलेस का? मॅनेजरनं सांगायचं नाही? वीजवाल्याला कळायला नको? ते सगळे सुटतील आणि तू एकटा अडकशील, कारण तू आपल्या पायानं चालत जाणार. तुला आत टाकतील. आणि मग माझं काय? हे शेवटचं मी रडत म्हटलं. मला माहीत होतं की तो बाकी सगळ्याला उत्तर देईल, ह्याला देणार नाही. तो माघारी फिरला आणि शर्ट खिळ्याला अडकवला.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं? तो काम करायचा, पण लाल रेडियमला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला लालच हवं असलं की दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचा. माप घ्यायला गेला की आधी म्हणायचा, मेन स्विच बंद करा, मला अंधारात बघायचंय. शाळेत, दवाखान्यात, गोदामात, सगळीकडे. लोक म्हणायला लागले, इंचपट्टीचा स्क्रू ढिला झाला. जेवणं तुटलं. गालाची हाडं वर आली. अधूनमधून माझ्याकडे नुसता बघायचा, मी आज हो म्हणते का म्हणून. मी भांडी घासायला घ्यायचे. असे अकरा महिने. मला वाटायचं, माणूस विसरतो, हाही विसरेल.

मग लाँड्रीचाच माणूस काम घेऊन आला. नवीन हॉलच्या दाराशी स्मृतिफलक लावायचा होता, पितळी, कोरीव अक्षरांचा. मजकूर टाईप करून आणला होता. वर तिघींची नावं, आणि खाली, "आगीच्या वेळी गोंधळून चुकीच्या दारात गेल्यामुळे प्राण गमावलेल्या आमच्या सहकाऱ्यांना". माणूस म्हणाला, शोभेल असा फॉन्ट घाला, घाई नाही. आणि जाता जाता सांगून गेला की त्या सुपरवायझर बाईनंही अखेर चूक आपलीच म्हणून सही करून दिलीय, आता कटकट मिटली.

दादानं मजकूर कॉम्प्युटरवर घेतला. एक फॉन्ट लावून बघितला, दुसरा लावला. मी टेबलाच्या ह्या टोकाला सोलत बसले होते. मला वाटलं, चला, करतोय. दहा मिनिटांनी त्यानं खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाला, "कागदावरची सही पुसता येते. पितळेतलं मी खोडू शकणार नाही." मग त्यानं भिंतीवरच्या दोन्ही पाट्या उतरवल्या, सायकलचा दिवा खिशात टाकला आणि निघाला. ह्या खेपेला मी आडवी आले नाही. मागोमाग गेले.

आता ऐका, मी अकरा महिने ज्याला भ्याले ते काय होतं. साहेबांनी खोलीचे पडदे ओढले, दिवा लावून पाटी बघितली, विझवून बघितली. हं, म्हणाले. मग म्हणाले, फाईल बंद झालीय, पण तुमचं निवेदन घेतो आणि लाँड्रीला दिवे बदलायला कळवतो. दादानं चार पानं लिहून दिली. त्यांनी शिक्का मारला, एक प्रत त्याच्या हातात दिली आणि शिपायाला म्हणाले, पडदे उघड. झालं. कुणी त्याला आत टाकलं नाही, साधं दरडावलंसुद्धा नाही. अर्ध्या तासात आम्ही रस्त्यावर होतो.

तिथून तसेच त्या बाईच्या घरी गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना. तिनं दार उघडलं. केस अर्धे पांढरे झाले होते, वर्षात. दादाला तिनं ओळखलं. दार लावून घेईल असं मला वाटलं, पण तिनं आत घेतलं. एकच खोली. एका भिंतीला पलंग, त्यावर गादी गुंडाळून ठेवलेली. दादा उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, पाटी कोरी होती. तुम्ही बरोबर बघितलं होतं."

मी खिडकीवर चादर अडकवली, दार लावलं. दादानं "बाहेर" पाटी गुंडाळलेल्या गादीला टेकवून उभी केली आणि दिवा लावला. ती पाटीसमोर उभी राहिली. मग स्वतः हात पुढं करून दिवा घेतला. विझवला. मी चादरीचा कोपरा उचलला, अक्षरं दिसली. तिनं खूण केली, मी कोपरा सोडला, तिनं दिवा लावला, अक्षरं गेली. असं पाच-सहा वेळा. ती म्हणाली, मला वाटायला लागलं होतं की लिहिलेलं होतं आणि मीच वाचलं नाही. रोज आठवून बघायचे. शेवटी मला अक्षरं दिसायलाही लागली होती, म्हणून सही करून टाकली.

मग तिनं विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

आज म्हणाला असता तर चाललं असतं. काल म्हणाला असता तरी चाललं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण, बाबा, काल म्हण. दादा म्हणाला, "अकरा महिने झाले."

बाईनं मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. गुंडाळलेल्या गादीकडे बघितलं. "आई गेली त्याला आज पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बोलली नाही माझ्याशी."

दादा गुडघ्यांवर हात ठेवून तिथंच जमिनीवर बसला. माझी चूक, मी भ्यालो, असं तो म्हणत राहिला. मी भ्यालो. माझ्याकडे त्यानं एकदासुद्धा बघितलं नाही, मी तिच्यापासून चार हातांवर उभी असताना. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. हा नाही बाई, मी भ्याले, ह्याला शर्ट परत खिळ्याला मी अडकवायला लावला, एवढंच सांगायचं होतं. मी खिडकीवरची चादर काढून घडी घालत बसले.

निघताना ती म्हणाली, पाटी ठेवून जा, आणि दिवाही. दादानं दिला. दारातून मी मागं बघितलं तेव्हा तिनं गादी सारून पाटी पलंगावर उशीच्या जागी मांडली होती आणि समोर दिवा धरून बसली होती. भरदिवसा. त्या उजेडात पाटीवरची अक्षरं दिसत होती.

घरी येताना मी दादाला विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? तो म्हणाला, पाटी माझी होती. पुन्हा ह्यावर आमचं बोलणं झालं नाही. तो आणखी सहा वर्षं जगला. पितळी फलक त्यानं कोरला, पण खालची ओळ गाळून, नुसती तीन नावं, पोट मोकळं असलेल्या साध्या अक्षरात, आणि लाँड्रीवाल्यांनी तो निमूट लावून घेतला. गावातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या इमारतींत तो मेन स्विच बंद करून उभा राहिला असेल.

म्हणून तुम्हाला सांगते. फॉन्ट कुठलाही साधा घ्या, दहा फुटाला एक इंच ठेवा, कर्व्ह करायला विसरू नका. आणि पाटी लागणार तिथं जाऊन दिवे घालवायला सांगा, मग जो दिवा लागेल त्यात आपला रंग बघा. हे मी सगळ्यांना सांगते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, अगदी आत्ता तुम्हाला सांगितलं तसं, माझ्या चुकीसकट.

ती बाई अजून त्याच तिसऱ्या मजल्यावर राहते. बाजारात दिसते कधी कधी, दादाची बहीण म्हणून ओळखते, बरी आहेस का विचारते. तिला मी अजून सांगितलेलं नाही.